तुझ्या काठावरून, गुंफे

गुंफे, यंदा आखाजीला तुझ्या गावच्या बायांनी तोंडं मिटून बसायचं ठरवलं होतं. का, तर म्हणे तू गेलीस म्हणून. ऐकतेस ना? जिच्या एका हाकेनं तळ्यातले बगळे उठायचे, तिच्या नावानं मुकाट बसायचं! मला हा निरोप आखाजीच्या आदल्या दिवशी, माहेरी एसटीतून उतरल्याउतरल्या मिळाला आणि माझं डोकंच फिरलं. तू गेल्याचं कळलं तेव्हा मी रडले होते. दोंडाईच्याच्या बाजारात तुझ्या गावची एक बाई भेटली, तिनं सांगितलं की होळीच्या आत कावीळ झाली आणि पोर गेली. मी तशीच भाजीची पिशवी घेऊन भिंतीला टेकून रडले. पण हा निरोप ऐकून रडू नाही आलं, राग आला.

दोंडाईच्यात माझी शेजारीण आहे, मारवाड्यांची सून, फार गोड बाई. तिनं मला विचारलं, "कोण होती तुमची ती? बहीण?" मी म्हटलं, नाही. "मैत्रीण?" तसंही नाही. मग तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. आमच्या साक्रीकडच्या डोंगरात एक तळं आहे. तळ्याच्या अलीकडे माझं माहेर सावरवेल, पलीकडे डोंगराच्या पायाशी तिचं माहेर डोंगरपाडे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही सासुरवाशिणी माहेरी येतो, झोके घेतो, आणि ऊन कललं की गौराई बोळवायला पाण्यावर जातो. मग दोन्ही गावच्या बाया समोरासमोरच्या काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या देतात. मोठ्यानं, हात नाचवून, नाव घेऊन. आमच्याकडून मी द्यायची, तिकडून ती द्यायची.

शेजारणीनं डोळे एवढे मोठे केले. म्हणाली, "आणि तुम्ही तिच्यासाठी रडताय?"

आता तिला काय सांगू, गुंफे.

तुझी-माझी पहिली ओळख मला लख्ख आठवते. लग्नानंतरची माझी पहिलीच आखाजी. आमच्या गावच्या मोठ्या बायांनी मला पुढे ढकललं, कारण माझा गळा चांगला. तळ्याला मध्ये जिथे कंबर आहे, जिथे दोन्ही काठ जवळ येतात, तिथे मी उभी राहिले आणि समोर बघतच बसले. उन्हाळ्यानं पाणी आत ओढलेलं, पण जेवढं होतं तेवढं अगदी स्थिर. त्यात तो आमचा बसका डोंगर उलटा पडलेला. वरती अंजनाच्या झाडांना तांबूस पालवी फुटलेली, तीही पाण्यात. सूर्य डोंगराच्या पाठीशी चालला होता. मी सासरी मिरच्यांच्या गोण्या आणि स्टेशनच्या धुराशिवाय वर्षभर काही पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, तोंडाला शिवीच येईना.

आणि तेवढ्यात पलीकडच्या सावलीतून आवाज आला, "ए सावरवेलवाली! आमना आबाकडे टकमक काय देखी राहिनी?"

तुमच्या गावात डोंगराला 'आबा' म्हणतात हे मला तेव्हा कळलं. आमच्यासाठी तो बसका डोंगर, बैल रवंथ करत बसावा तसा. तुमचा मात्र तो घरातला म्हातारा. मी चवताळून ओरडले की डोंगर काय तुमच्या बापाचा आहे का, तो आम्हालाच नीट दिसतो, तुम्ही त्याच्या पोटाखाली राहून काय बघणार! तू एक क्षणही थांबली नाहीस. "तुमले डोंगर दिखस, आमना ते डोंगरच शे! दुरून डोंगर साजरे, माय!" तुझ्या बाजूच्या बाया अशा हसल्या की माझ्या बाजूच्याही हसल्या. मी त्या दिवशी साफ हरले. घरी येऊन पुरणपोळी गोड लागली नाही.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. वरवर नवऱ्यांवरून, सासवांवरून, स्वयंपाकावरून. "द्वारके वं, तुना नवरा मिरच्या तोलस का शिंका तोलस?" हे तुझं. "गुंफे, तुना नवरा खाटलावर शे का खाटलंच तुना नवरा शे?" हे माझं, त्याच्या आळसावर. पण खरं भांडण तेच, पहिलं: तळं कोणाच्या काठावरून सुंदर दिसतं. बाकीच्या बाया सासूपर्यंत येऊन थांबायच्या, आपण दोघी डोंगर आणि पाणी सोडायला तयार नव्हतो. मी म्हणायचे, सकाळी आमच्याकडून पाहा, डोंगरावर पहिलं ऊन पडतं आणि तेच पाण्यात उतरतं. तू म्हणायचीस, संध्याकाळी आमच्याकडून पाहा. काय पाहा, ते तू कधी सांगितलं नाहीस. "येशी तवय समजशी," एवढंच. आणि यायचं कसं? आखाजीला आपला काठ सोडून समोरच्या काठावर जाणं म्हणजे गद्दारीच.

नेम तर आपले कडकच होते. कोणाच्या मेल्या माणसावर बोलायचं नाही, आजारावर नाही, रिकाम्या पाळण्यावर नाही. हे कोणी शिकवलं नाही, ऐकून ऐकून कळलं. त्यामुळे शिवी देण्याआधी चौकशी करावी लागायची. मी दरवर्षी माहेरी आले की आधी तुझी खबर काढायची. एरंडोलला तुझ्या सासरी काय चाललंय, सासू बोलते का, तुला मुलगी झाली का मुलगा. आपल्या दोन्ही गावांना बांगड्या भरणारी ती म्हातारी कासारीण, तिला मी शेंगदाण्याचे लाडू चारून माहिती काढायचे. तुझ्याबद्दल मला जेवढं ठाऊक होतं, तेवढं माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल नव्हतं. तूही तेच करत होतीस, हे मला पुढे समजलं. लाडू म्हातारी दोन्हीकडचे खात होती!

आणि त्याच म्हातारीनं एकदा घोळ घातला. त्या वर्षी आखाजीला मी सज्ज होऊन काठावर आले, दोन चांगल्या शिव्या तयार ठेवलेल्या. दिल्या. पलीकडून काहीच नाही. तू बोललीस, पण दुसऱ्याच कोणाला तरी. माझं नाव काढलंच नाहीस. मी पुन्हा दिली, जास्त झणझणीत. तू गप्प. नुसती गप्प नाही, तर तुझ्या बायांनाही गप्प केलंस. मला वाटलं, हिला एवढा गर्व झाला की आता मी हिच्या खिजगणतीतही नाही. रात्रभर नुसती तळमळले. दुसऱ्या दिवशी कासारीण आली तेव्हा उलगडा झाला. माझ्या सासरी चुलत सासऱ्यांचं सुतक होतं, म्हणून मी सणाला नव्या बांगड्या भरल्या नव्हत्या. म्हातारीनं तुमच्या गावात जाऊन सांगितलं, द्वारकाच्या हाती यंदा बांगडी नाही. झालं! तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या नवऱ्याला मारून टाकलंत.

माझा नवरा तेव्हा आमच्या ओट्यावर बसून आंबा चोखत होता.

मी कासारणीबरोबर उलटा निरोप धाडला. गुंफेला म्हणावं, कुंकू जागेवर आहे, शिवी का दिली नाहीस? पुढच्या आखाजीला तू जे काही सुटलीस! मागच्या वर्षाची बाकी धरून दिलीस. माझा नवरा मेला कसा आणि शिंकत शिंकत जिवंत कसा झाला, याचं आख्यान लावलंस. आमच्याकडच्या पोरी पोट धरून खाली बसल्या. मी हसता हसता तुला ओरडून म्हटलं, "आता बरं वाटलं!" तू ऐकलंस का नाही, कोण जाणे. त्या वर्षी मला कळलं की तू मला शिवी देत नाहीस, म्हणजे तुला माझी कीव येते. आणि तुझी कीव मला नको होती, गुंफे. तू तुल्यबळ हवी होतीस.

मग तो दुष्काळ. पाऊस सलग दगा देत गेला आणि तळं आटलं. मी एसटीतून उतरून बांधावर आले तर समोर पाणीच नाही. भेगाळलेली जमीन, मध्ये बायांनी खणलेला एक झिरा, आणि त्याच्यापाशी दोन्ही गावच्या घागरी. डोंगर होता तिथेच, पण त्याचं खालचं अर्धं अंग कोणी कापून नेल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मी दोन डोंगर पाहत होते, एक वरचा, एक पाण्यातला. मी बांधावरच बसले. गावात लोक खडी फोडायला जात होते, रेशनवर आलेल्या परदेशी ज्वारीच्या, लाल मिलोच्या, भाकरी खात होते, सण कुणाला सुचतो. पण पोरींनी गौराई मांडली होती, तिला बोळवणार कुठे? झिऱ्याचं पाणी पिण्याचं, त्यात कसं बोळवणार.

संध्याकाळी आम्ही काठावर उभ्या राहिलो. तुम्हीही राहिलात. मग तुमच्याकडून एक बाई खाली उतरली आणि तळ्याच्या जमिनीवरून सरळ चालत यायला लागली. मीही उतरले. कशी उतरले ते आठवत नाही. आपण झिऱ्यापाशी समोरासमोर आलो, आणि मी पाहतच राहिले, कारण तू एवढीशी होतीस! माझ्या खांद्याला लागशील अशी. कपाळावर गोंदण, नाकात मोरणी, चिपाडासारखे हात. त्या चिमणीच्या अंगातून तो आवाज निघतो?

तू मला खालून वरपर्यंत न्याहाळलंस. मी वाट बघत होते. तू तोंड उघडलंस, मिटलंस. मग हळूच म्हणालीस, "आते काय बोलू व? तू ते इतली जोडे शे."

एवढ्या जवळून शिवी देता येत नाही, हे आपल्याला दोघींनाही तिथेच कळलं. तू ओंजळभर पाणी काढलंस आणि म्हणालीस, "पानी पिशी का?" मी प्यायले. मग तू प्यायलीस. दोन्ही गौरायांवर चार थेंब शिंपडले, झालं बोळवणं. बाकीच्या बायाही खाली आल्या, कोण कोणाची मावसबहीण निघाली, कोण कोणाची जाऊ. आपण दोघी तळ्याच्या मधोमध मांडी घालून बसलो.

तेव्हा तू मला एरंडोलचं सांगितलंस. तुझ्या सासरहून जवळच पद्मालयाचं तळं, त्यात कमळं, काठावर गणपती, लांबून लांबून लोक दर्शनाला येतात. आम्ही दरवर्षी तुला चिडवायचो, कमळांचा तोरा नको दाखवू म्हणून. तू म्हणालीस, तिकडे छानच आहे, मी हात जोडते, पण तिथे मी पाहुणी. आणि मग या कोरड्या खड्ड्याकडे हात करून म्हणालीस की याच्यात ना कमळ, ना देऊळ, आता तर पाणीही नाही, तरी बघ ना. मी बघितलं. खरंच बघितलं, गुंफे. डोंगराची सावली तळ्याच्या तळावरून हळूहळू आपल्याकडे येत होती. एक टिटवी ओरडत होती. वाळलेल्या चिखलात गुरांच्या खुरांचे ठसे होते, त्यात बारीक हिरवं गवत उगवलं होतं, देवाला ठाऊक कशावर. तिथे इतकं शांत होतं की दोन्ही गावांतली भांडी वाजलेली ऐकू येत होती. त्या दुष्काळातला तो एक तास कोणी मला सोन्यानं मढवलं तरी मी द्यायची नाही.

उठताना तू नवंच भांडण काढलंस. म्हणालीस, आता आपण बहिणी झालो, पुढच्या आखाजीपासून शिव्या बंद. मी म्हटलं, अजिबात नाही. पाणी आलं की मी आमच्या काठावर, तू तुमच्या. तू म्हणालीस, लाज वाटते आता. मी म्हटलं, मग मला काय, वर्षातून एकदा तुझं कुशल विचारू? पाव्हण्यासारखं? आपली वर्षाला एकच भेट, ती नमस्कार-चमत्कारात घालवू? शिव्या बंद झाल्या तर मी कशाला तुझी खबर काढत बसेन? तू हट्टी, मी तुझ्याहून हट्टी. पाऊस आला, तळं भरलं, डोंगर पुन्हा पाण्यात उतरला, आणि तू दिल्यासच शिव्या, पण मध्येच गोड व्हायचीस. तुझ्या शिवीत मीठ कमी पडायला लागलं होतं. मी दरवर्षी ओरडायचे की एरंडोलचं पाणी लागलं वाटतं! हे भांडण तसंच अर्धवट टाकून तू निघून गेलीस.

म्हणून तो निरोप ऐकून मला राग आला. तुझ्या भावजयीनं, सखूबाईनं पाठवला होता. यंदा आम्ही काठावर येऊ, गौराई बोळवू, पण बोलणार नाही, गुंफाचं दुःख आहे. मला ठाऊक आहे एका वर्षाच्या मौनाचं काय होतं. आजकालच्या पोरी शाळेत जातात, घरोघरी रेडिओ वाजतो, आधीच त्यांना हे गावंढळ वाटतं. आमचे सरपंच तर कधीचे टपले आहेत, सुधारलेल्या गावाला हे शोभत नाही म्हणून. एक वर्ष खंड पडला की पुढच्या वर्षी पहिला आवाज काढायला कोण धजणार? दोन्ही काठांवर बाया गुपचूप पाण्यात गौराई सोडतील आणि घरी जातील. तळं असेल, डोंगर असेल, आणि या काठाला त्या काठाची खबर नसेल.

आखाजीच्या दुपारी मी पायात चपला घातल्या. माझा भाऊ पत्त्यांचा डाव टाकून अंगणात आला.

"कुठे?"

"डोंगरपाड्याला."

"आज? आणि आपल्या काठावर कोण?"

"आपल्याकडे बाया काय कमी आहेत? त्यांच्याकडे बोलणारी नाही. मी तिकडून बोलते."

"म्हणजे तिकडे उभी राहून आपल्याच गावाला शिव्या देशील?"

"देईन."

त्यानं डोकं खाजवलं. दारात वहिनी उभी होती, आमची वहिनी म्हणजे गरीब गाय, जन्मात तिनं आवाज चढवलेला नाही. तिच्याकडे एकदा बघून भाऊ म्हणाला, "जा. पण माझ्यावर जरा बेतानं."

बांधावरून जाऊन मग डोंगराच्या पायथ्यानं वाट जाते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या वाटेनं गेले. बहावा पिवळाधमक फुललेला. जवळ गेल्यावर डोंगराचा बैल कुठल्या कुठे गेला. नुसते दगड, सालईची पांढरी खोडं, गुरांच्या पायवाटा, एका कपारीत कोणीतरी लावलेला शेंदूर. आणि गारवा, माय! आमच्याकडे त्या वेळी अंगाची लाही होत असते. मी तुमच्या घरी गेले. सखूबाईनं मला ओळखलं नाही. नाव सांगितलं तर तिनं पदर तोंडाला लावला आणि रडायलाच लागली. तुझी लेक मंदा आतून आली. तुझंच नाक, तुझीच उंची. मामाकडे आखाजीला आलेली. मी म्हटलं, रडणं सकाळी पितरांच्या पूजेत तुझ्या नावाची घागर भरली तेव्हा झालं असेल ना? आता चला पाण्यावर. सखूबाई म्हणाली, "आमच्यानं नाही होणार हो." मी म्हटलं, तुमच्यानं नका करू. मला फक्त ती उभी राहायची ती जागा दाखवा.

मंदानं दाखवली. एक सपाट खडक आहे, पाण्यात जरासा आत गेलेला. त्यावर उभी राहून तू उंच व्हायचीस, लबाडे!

मी चढले. आणि समोर पाहिलं.

आपला काठ, म्हणजे तुझा, सगळा डोंगराच्या सावलीत. आणि समोर आमचं सावरवेल उन्हात न्हालेलं. एकेक कौल, एकेक कडुनिंब, चुन्याच्या भिंती, काठावर उभ्या आमच्या बाया, त्यांच्या लुगड्यांचे रंग, कोणाच्या कडेवरचं पोर, कोणाची नथ चमकलेली, सगळं इतकं स्वच्छ की हात लांबवून वेचून घ्यावं. आणि तेच पाण्यात पुन्हा एकदा. मला तू इतकी वर्षं सावलीतला आवाज म्हणूनच ठाऊक होतीस. मी मात्र तुला दरवर्षी अशी दिसत होते! मी कुठलं लुगडं नेसले, मी वाळले की सुटले, मी रडून आले की हसून, सगळं तुला इथून दिसायचं. संध्याकाळी आमच्याकडून पाहा म्हणायचीस. तू आम्हाला पाहत होतीस, गुंफे. मी हाक मारायचं सोडून समोर माझी नेहमीची उभं राहायची जागा शोधत बसले.

मंदानं माझा हात धरला. "मावशी, बोला ना."

मी छाती भरून घेतली. "तोंडले कुलूप लाईसन उन्यात का व, सावरवेलन्या बाया?"

समोरच्या सगळ्या बाया सावलीत डोळे ताणून बघायला लागल्या. आवाज ओळखीचा, काठ चुकीचा! मग मी सुटले. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, आमच्या गावच्या पोळ्या चामड्यासारख्या, सरपंचाच्या मिशा भाड्याच्या, आणि माझा भाऊ, त्याला मी बेतानंच घेतलं, पत्त्यात घर हरेल आणि बायकोला विचारेल घर कुठे गेलं. माझ्यामागे पहिल्यांदा कोणीतरी पदरात हसलं. मग दुसरी. सखूबाई रडत होती आणि हसत होती.

आणि पलीकडून, माझ्याच काठावरून, एक चिरका, थरथरता, कधी न ऐकलेला आवाज आला, "द्वारका वं! भाकर आमनी खास, आन भुकस डोंगरपाडासाठे!"

वहिनी! आमची गरीब गाय! सगळं सावरवेल ओरडलं. बगळे उठले. माझ्या शेजारी मंदानं लुगड्याचा काचा खोचला, खडकावर चढली, मला कोपरानं बाजूला सारलं आणि वहिनीला असं काही उत्तर दिलं की ते मी इथे लिहू शकत नाही. मी खाली उतरून पाण्यात पाय सोडून बसले. माझं काम झालं होतं.

डोंगराची सावली पाण्यावरून सरकत सरकत समोरच्या काठापर्यंत गेली, तोवर पोरींची तोंडं थांबली नव्हती. रात्री तुमच्याच घरी राहिले. आज सकाळी परत निघाले तेव्हा सखूबाईनं पुढच्या आखाजीला ये म्हटलं, मी म्हटलं, नाही, पुढच्या वर्षी माझ्या काठावरून येते, मंदाला तयार ठेवा.

तळं तुझ्याच काठावरून जास्त सुंदर दिसतं, गुंफे. हे मी तुला एकटीला सांगतेय. आमच्या गावात कोणी विचारलं, तर मी साफ नाही म्हणणार आहे.